धरणाच्या पायथ्याचं बॅमफर्ड

इंग्लंडमध्ये आमचं पहिलं बिऱ्हाड बॅमफर्ड नावाच्या गावात होतं. डर्बीशायरच्या डोंगराळ भागातलं हे छोटं गाव. नवऱ्याचं हॉस्पिटल शेफील्डला होतं आणि आगगाडीने तिथे अर्ध्या तासाच्या आत पोचता यायचं, म्हणून हे गाव निवडलं. लेक इथेच रांगायला शिकली. यंदा मँचेस्टरहून शेफील्डला जाताना तिला तिचं पहिलं घर दाखवायला आम्ही मुद्दाम मध्येच उतरलो.

घर तसंच आहे, फक्त दाराचा रंग बदललाय. मला तिला खरं दाखवायचं होतं ते गावाच्या वर, लेडीबावर धरणापाशी.

1935 ते 1943 या काळात हे धरण बांधलं. त्याच्या पाण्याखाली डर्वेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं गेली. पाणी शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर अशा शहरांना हवं होतं. 1945 साली जलाशय भरला आणि राजे सहावे जॉर्ज उद्घाटनाला आले. डर्वेंटच्या चर्चचा मनोरा तेवढा आठवण म्हणून पाण्यात उभा ठेवला होता, पण पाणी उतरलं की लोक तिथवर जायचे आणि ते धोक्याचं होतं. 1947 च्या डिसेंबरात सुरुंग लावून तोही पाडला. गावातला घोडेवाटेचा जुना दगडी पूल मात्र वाचला. त्याचा एकेक दगड सुटा करून, नंबर घालून ठेवला आणि पुढे खोऱ्याच्या वरच्या टोकाला पूल पुन्हा जोडला.

हे सगळं मला पहिल्यांदा कळलं ते शेजारच्या आजींकडून. डर्बीशायरमध्ये विहिरी आणि झरे फुलांनी सजवायची जुनी प्रथा आहे. बॅमफर्डमध्ये हे जुलैत होतं. लाकडी फळ्या आधी पाण्यात भिजवतात, त्यावर मीठ घालून मळलेली ओली माती थापतात, कागदावरचं चित्र टोचून मातीवर उतरवतात. मग पाकळ्या लावायच्या, त्याही खालून वर, कौलांसारख्या एकावर एक, म्हणजे पाऊस पडला तर पाणी ओघळून जातं. त्या कामात मी पहिल्या वर्षीच शिरले. हात मातीत असताना आजींनी सांगितलं की त्यांची आई ॲशॉप्टनची. पाण्याखाली जाणाऱ्या गावातल्या माणसांसाठी वॉटर बोर्डाने धरणाच्या खालच्या अंगाला, यॉर्कशायर ब्रिजला, दगडी घरं बांधली, त्यातल्या एकात त्या वाढल्या. शेजारीपाजारी बरेचसे जुनेच होते, असं त्या म्हणायच्या.

माझं आजोळ कोयनेचं. 1960 च्या दशकात शिवसागर जलाशयाचं पाणी चढलं तेव्हा आजीचं गाव धरणात गेलं. भावकीतली काही घरं रायगडात गेली, काही सोलापूरकडे. कोयनेच्या ओल्या डोंगरातली माणसं सोलापूरच्या उन्हात कशी राहिली असतील, हे आजी मरेपर्यंत बोलत राहिली. पन्नास वर्षं उलटून गेल्यावरही कोयना धरणग्रस्त आपल्या हक्काच्या जमिनीसाठी ठिय्या देऊन बसले होते. दोन्हींची तुलना सरळ होत नाही, हे मला कळतं. लेडीबावरखाली गेलेली वस्ती कोयनेच्या मानाने फारच लहान होती. पण इथल्या लोकांना एकमेकांजवळ राहता आलं, आणि ती एक गोष्ट आमच्या आजीला मिळायला हवी होती, असं मला आजही तीव्रतेने वाटतं.

शिवाय इथे पुरलेली माणसंही मागे ठेवली नाहीत. डर्वेंटच्या चर्चच्या आवारातले मृतदेह उकरून बॅमफर्डच्या सेंट जॉन चर्चमध्ये आणले आणि पुन्हा पुरले. आम्ही राहत होतो तेव्हा मी बाबागाडी घेऊन त्या आवारातून जायचे. या वेळी लेकीला तिथे उभं करून ही हकिकत सांगितली. तिने आधी विचारलं, "पणजीच्या गावातल्यांचं काय केलं?" मला माहीत असलेलं तेवढं सांगितलं. गावदेव हलवले, माणसं हलवली, बाकी सगळं पाण्यात राहिलं.

फार कोरड्या वर्षी, म्हणजे 1976, 1995, 2018 आणि 2022 साली, लेडीबावरचं पाणी उतरलं आणि डर्वेंटचे भग्न अवशेष वर आले. 2018 साली ते पाहायला नुसती झुंबड उडाली होती. भिंतींचे दगड उचलून नेणं, त्यावर नावं कोरणं असेही प्रकार होतात, ते मला पाहवत नाहीत. आपल्याकडे उजनीत पळसदेवचं देऊळ वर आलं की लोक दर्शनाला जातात. डर्वेंटलाही तसंच जावं.

गावात एक बदल फार आवडला. अँगलर्स रेस्ट हा पब आमच्या वेळी साधा पब होता. 2013 साली गावकऱ्यांनी शेअर काढून तो विकत घेतला. आता पोस्ट आणि कॅफेही तिथेच आहे. आम्ही तिथे चहा घेतला आणि ओळखीचे दोन चेहरेही भेटले. शेजारच्या आजी आता नाहीत.

कुणी या बाजूला आलात तर मँचेस्टर-शेफील्ड मार्गावरची थांबत जाणारी गाडी पकडा आणि बॅमफर्डला उतरा. आधी चर्चचं आवार बघा, मग यॉर्कशायर ब्रिजवरून धरणाकडे चालत जा. धरणाच्या दोन्ही अंगांना नरसाळ्याच्या आकाराचे, 24 मीटर व्यासाचे प्रचंड सांडवे आहेत. जलाशय तुडुंब असेल तरच त्यांत पाणी पडताना दिसतं, तेव्हा भरपूर पाऊस झाल्यावर हिवाळ्यात जाणं बरं. परतीच्या गाडीची वेळ मात्र आधीच बघून ठेवा.