सीजे-३बी जीप: हरिकेन इंजिनचे न वापरलेले भाग विकायला काढताना

सांगलीतला सीजे-३बीचा प्रकल्प थांबवला आहे, त्यामुळे हरिकेन पेट्रोल इंजिनासाठी जमवलेला माल विकायला निघतोय. साफसफाई आणि मोजमाप झालं. फोटो आणि पॅकिंग बाकी आहे.

या मालाला गिऱ्हाईक आहे. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या जिपांत मागेच डिझेल इंजिन बसवलं गेलं आणि आता तीच मंडळी मूळ पेट्रोल इंजिन शोधताहेत. ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर २०२१च्या केंद्रीय नियमाप्रमाणे ती मूळ स्वरूपात लागते. म्हणून भंगाराच्या वजनावर काहीही देऊ नका. पण ‘नवा, न वापरलेला’ एवढं लिहूनही भागत नाही, कारण हा माल मापावर विकला जातो.

पिस्टनपासून सुरुवात केली. सिलिंडरचा मूळ बोर (आतला व्यास) ३.१२५ इंच, म्हणजे ७९.३७५ मिमी. माथ्यावर ०२०, ०३० असा शिक्का असतो, तो थाऊचा (इंचाच्या हजाराव्या भागाचा) ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा मोठा. तीस थाऊचा पिस्टन म्हणजे बोर ८०.१३७ मिमीचा हवा. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, जुन्या दुकानांत खोकी हमखास अदलाबदल झालेली असतात. स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर), पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या गजन पिनच्या काटकोनात मायक्रोमीटर लावा. पिस्टन फिरायला ठेवलेल्या फटीमुळे (क्लिअरन्स) आकडा बोरपेक्षा थोडा कमीच येतो. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून शिक्का आणि मोजलेलं माप दोन्ही लिहा. चारही पिस्टन वजन करून सेटमध्येच द्या. सेट फोडला की उरलेले तीन पडून राहतात.

क्रँकवर बसणाऱ्या बेअरिंग शेलचा हिशेब उलटा. शेलवरचा ०२० हा अंडरसाइज, म्हणजे तेवढ्या बारीक केलेल्या क्रँकसाठी. क्रँकपिनचं (कनेक्टिंग रॉड जिथे बसतो त्या भागाचं) मूळ माप सुमारे ४९.२ मिमी, वीस थाऊचे शेल घालायचे तर क्रँक ग्राइंड करून ते ४८.७ वर आणावं लागतं. ‘०२०चा पूर्ण सेट’ एवढंच लिहिलं तर घेणारा मूळ मापाच्या क्रँकवर ते शेल बसवायला जाईल आणि क्रँक जाम होईल. शेलच्या पाठीवरच्या शिक्क्याचा फोटो द्याच.

व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर चारच आहेत आणि तो पूर्ण सेट आहे. या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे रॉकर हलवणारे पुशरॉडही चारच. आठ मागणाऱ्याला हे आधीच सांगा. हेड गॅसकेट पाठवण्याआधी त्याचं इंजिन जुनं फ्लॅटहेड (सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेलं) तर नाही ना, हे विचारून घ्या. दोन्हींचा बोर एकच असला तरी गॅसकेट वेगळं.

क्रँक वाकलेला नाही ना हे बघायला तो दोन्ही टोकांच्या मेन जर्नलवर (ब्लॉकमध्ये फिरणाऱ्या गोल भागांवर) व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून मधल्या जर्नलला डायल गेज लावा, फिरवून येणारा आकडा लिहून द्या. पडून राहणार असेल तर उभा ठेवा.

सांगलीच्या मालाबाबत एक प्रश्न येणारच: पुराच्या पाण्यात होता का? २००५ किंवा २०१९च्या पाण्यात बुडालेला भाग वरून चकचकीत करता येतो, पण क्रँकच्या ऑइल होलमध्ये गाळ घट्ट बसलेला असतो आणि इंजिन सुरू होताच तो नव्या शेलना ओरखडतो. प्रत्येक भोक रॉकेलने धुऊन कॉम्प्रेसरची हवा मारा आणि तरीही माल पुरातला आहे हे सांगा. पाण्यात राहिलेले शेल विकूच नका.

वाळलेले कॉर्क आणि रबर सील विकाऊ नाहीत; नवं कापायला नमुना म्हणून सोबत द्यावेत. तांब्याच्या जुन्या गॅसकेटला पॉलिश पेपर लावू नका, आत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती दोन प्लायच्या मध्ये सपाट बांधा. क्रँकच्या जर्नलना ग्रीस, त्यावर मेणकागद, मग लाकडी पेटी. पिस्टनच्या रिंगा मूळ पाकिटातच राहू द्या, बिडाच्या असल्याने हाताने फाकवल्या की तुटतात.

ब्लॉक सध्या मागे ठेवला आहे. त्यावर इंजिन नंबर आहे, आणि घेणाऱ्याला इंजिन बदलाची नोंद मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओत करून आरसीवर चढवावी लागेल. जुन्या आरसीची प्रत आणि विक्रीची पावती तयार झाली की तोही यादीत येईल.