बॅकस्ट्रोकचा स्टार्ट: पाय का सटकतो?

कोकणातली बरीच मुलं विहिरीत पोहायला शिकतात. जांभ्याचा चिरा खडबडीत, पाय रोवून मागे झोकून दिलं तर तळवा धरून राहतो. मालवणला चिवला बीचच्या सागरी स्पर्धेत तर भिंतच नसते. मग हीच मुलं तलावावर येतात. बॅकस्ट्रोकचा, म्हणजे पाठीवर पोहण्याचा, स्टार्ट पाण्यातूनच होतो: हातांनी ब्लॉकचं (काठावरच्या चौथऱ्याचं) हँडल धरायचं, पाय भिंतीला रोवायचे. तेव्हा गुळगुळीत टाइलवर पाय सटकतो आणि कंबर धप्पकन पाण्यात बसते. काठावरून आवाज येतो, "पायात जोर नाही." माझ्या मते हे निदान साफ चुकीचं आहे.

भिंतीवर काटकोनात दिलेला रेटा अंगाला आडवं मागे नेतो. वर उचलायचं तर तळव्याने भिंतीवर खालच्या दिशेनेही जोर द्यावा लागतो, आणि तो पेलतं फक्त घर्षण. घर्षण रेट्यावर अवलंबून. गुडघे सरळ होत आले की रेटा ओसरतो, खालचा जोर मात्र तसाच राहतो, म्हणून पाय नेमका शेवटच्या क्षणी सुटतो.

त्यामुळे 'टेक युवर मार्क्स' या तयारीच्या हुकमाला अंग फार वर ओढू नका. जितकं उंच जाल तितका पाय खाली दाबतो. चवडे भिंतीला, टाचा सुट्या, पावलांत खांद्याहून थोडं कमी अंतर. सिग्नलला आधी डोकं मागे, मग हँडलवरचे हात सुटतात, कंबर उघडते, नंतर गुडघे, घोटा सगळ्यात शेवटी. गुडघे आधी उघडले तर कंबर खालीच राहते आणि पाठ सपाट आपटते. हात जिथे पाण्यात शिरले तिथूनच डोकं, कंबर, पाय आत जायला हवेत. नाकातून हळू हवा सोडत राहा. डोकं १५ मीटरच्या आत वर आलंच पाहिजे.

लेज म्हणजे स्टार्टला पाय टेकवायला भिंतीवर लावायची उतरती पट्टी. तिला २०१३ मध्ये मान्यता मिळाली, ऑलिम्पिकमध्ये ती २०१६ला रिओत आली. लांबी किमान ६५ सेंमी, उंची ८ सेंमी, उतार १० अंश. पाण्याच्या पातळीपासून ४ सेंमी वर किंवा खाली लावता येते. तिच्यामुळे खालचा जोर घर्षणाऐवजी लेज पेलते. मात्र प्रत्येक पायाचं किमान एक बोट भिंतीला किंवा टचपॅडला (भिंतीवरच्या वेळ नोंदवणाऱ्या पाटीला) लागलेलं हवं, बोटं टचपॅडच्या वरच्या कडेवरून वाकवायची नाहीत.

लेज सगळीकडे मिळत नाही, म्हणून साध्या भिंतीचा सराव सोडू नका. आणि आपल्या खाऱ्या हवेत ब्लॉकच्या हँडलचे बोल्ट गंजून सैल होतात. सरावाआधी हँडल हलवून बघा. पावसाळ्यात पाण्याच्या रेषेवरचं शेवाळ कडक ब्रशने घासून काढा, नुसतं पाणी मारून ते जात नाही.