कोपऱ्यातलं 'एफ'

"मामा, हे कार्ड खोटं आहे का?"

आज म्हापशात पोकेमॉन कार्डांच्या स्पर्धेत भाच्याने हळूच विचारलं. खोटं कसलं, वर्षभर खाऊचे पैसे साठवून घेतलेला आर्सियस व्ही-स्टार, स्लीव्हमध्ये जपलेला. फक्त खाली डाव्या कोपऱ्यात कार्ड कुठल्या टप्प्यातलं ते सांगणारं बारीकसं 'एफ' छापलंय, आणि स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये, म्हणजे फक्त अलीकडची कार्डं चालणाऱ्या खेळप्रकारात, एफवाली कार्डं ११ एप्रिल २०२५ पासून बाद. ६० कार्डांचा डेक तपासताना हे कळलं, आधी फॉरमॅट कोणी सांगितलाच नव्हता.

नियम मला पटतो. जुनी कार्डं बाद होत गेली म्हणूनच नवीन पोराला दहा वर्षांचा साठा असलेल्यासमोर बसता येतं. आणि एक्सपांडेड या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये तर २०११ च्या ब्लॅक अँड व्हाइट मालिकेपासूनची कार्डं चालतात, मोजकी बंदी घातलेली सोडून, पण आमच्या ओळखीत ते खेळणारं आहे कोण?

फोंड्याला येताना कदंब बसमध्ये तो सारखा त्या 'एफ'वरून अंगठा फिरवत होता, बोलत काहीच नव्हता. बाणस्तारीला एकदम म्हणाला, "घरी चालेल ना?"

जेवणं झाली की बसतोय आम्ही दोघं. तुमच्या पोरांचीही अशी कार्डं डब्यात पडून आहेत का? पाठवा की त्यांना एखाद्या रविवारी.