बेळगावातला बिच्चु

कोल्हापूर सोडलं तेव्हा पाऊस नव्हता. निपाणीला लागला आणि संकेश्वरपर्यंत खिडकीतून आत यायला लागला, म्हणून मी उठून पलीकडच्या सीटवर सरकले. तिथल्या सीटचा एक पत्रा स्क्रू निघून वर आला होता. टर्रकन आवाज आला. गर्द निळा, हातमागाचा, जेमतेम तिसऱ्यांदा अंगात घातलेला कुर्ता, डाव्या बाजूला खिशाच्या खाली, आडवा दोन बोटं आणि उभा दोन बोटं. बस कुठल्या राज्याची होती ते सांगणार नाही. त्या मार्गावर दोन्ही राज्यांच्या बसेस धावतात आणि दोन्हींचे वकील माझ्या ओळखीत आहेत.

बेळगावात टिळकवाडीला आत्यानं दार उघडलं, तर ‘ये’ म्हणायच्या आधी तिचं लक्ष कुर्त्याकडे.

“केवढा खोंबारा पडलाय गे हा!”

“जाऊ दे आत्या, टाकून देते आता.”

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भरलं ताट सरकवून दिलं होतं. मग म्हणाली, “रविवारी मिक्सर घेऊन जाणारच आहे मी वडगावला. तू पण ये की.” कशाला ते विचारलं, तर नुसतं “चल, कळेल.”

शुक्रवार आणि शनिवार गोकाकचा धबधबा, कपिलेश्वराचं देऊळ आणि काँग्रेस विहीर यांत गेले. धबधबा जोरात होता, गर्दी त्याहून जोरात. विहीर १९२४ च्या अधिवेशनातली. गांधीजी काँग्रेसच्या ज्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हे. तिथं मात्र मी आणि एक कुत्रं, दोघंच होतो. बेळगावची मिठाई म्हणून कुंदा खाल्ला. बास, दोन दिवस संपले.

रविवारी पाऊस धो-धो. रिक्षा करू म्हटलं, तर आत्या म्हणे बस फुकट असताना रिक्षा कशाला? फुकट तिला. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसचं तिकीट लागत नाही. माझ्या आधार कार्डावर पुण्याचा पत्ता, त्यामुळे मी सुट्टे पैसे शोधतेय आणि शेजारी आत्या मांडीवर मिक्सरची पिशवी, हातात शून्य रुपयांचं तिकीट घेऊन महाराणीसारखी बसलेली. सीमाप्रश्नावर लहानपणापासून ऐकत आलेय, पण तो असा खिशाला पहिल्यांदाच लागला.

वडगावच्या गल्ल्यांतून चालताना रविवार असूनही दोन-तीन घरांतून मागाची खडखड येत होती. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा भाग. आम्ही पोचलो ते एका शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर पुठ्ठ्याची पाटी, तिच्यावर एक स्क्रूड्रायव्हर आणि एक सुई. अक्षर एकही नाही. मला वाटलं काहीतरी कलात्मक विचार असेल. आत्यानं सांगितलं, “लिहायचं म्हणजे नियमानं पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे, मग मराठी किती, वर कुठलं आणि खाली कुठलं, ह्यावर दोन बैठका झाल्या. शेवटी चित्र काढलं.”

महिन्यातून एका रविवारी इथं लोक मोडक्या वस्तू आणतात आणि येणारे स्वयंसेवक त्या दुरुस्त करून देतात. पैसे नाहीत. दाराशी एक डबा आहे, चहाचं वाटेल ते टाका. दुरुस्त करणारे बहुतेक उद्यमबागेतल्या फौंड्र्यांतून आणि वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका, एक आयटीआयचे शिक्षक, पॉलिटेक्निकच्या दोन मुली आणि शिवणाच्या टेबलावर पाच-सहा बायका. मी पुण्यात असल्या कल्पनांवरची भाषणं बरीच ऐकली आहेत, एसीत बसून. इथं एकच पंखा होता आणि तोही दुरुस्तीला आलेला.

आत्याच्या मिक्सरचा नंबर लागला. दुकानदारानं तिला मोटर जळाली, नवाच घ्या म्हणून सांगितलं होतं. काकांनी वास घेतला. खरंच, आधी नुसता वास घेतला. मग एका लाकडी फळीवर बसवलेला शंभराचा पिवळा बल्ब पुढे ओढला. त्याला सिरीज बोर्ड म्हणतात. वस्तू थेट लाइटला न लावता ह्या बल्बमधून लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, फ्यूज उडत नाही. आत्याचा मिक्सर लावला तर बल्ब पेटेचना, म्हणजे करंट आत जातच नाही. काकांनी मिक्सर पालथा केला, बुडाला असलेलं मुगाएवढं लाल बटण अंगठ्यानं दाबलं. टक. आता बल्ब मंद पेटला.

“अक्का, लोड जास्त झाला की हे बाहेर येतं. दाबायचं.”

“एवढंच?”

“एवढंच. पण का आलं ते बघू की.” भांड्याच्या बुडातलं पातं फिरवून बघितलं तर ते घट्ट अडकलेलं, आत वाटणाचा थर वाळून दगड झालेला. तो आत्याकडूनच खरवडून घेतला. मग लाल बटण तिच्याकडून तीनदा दाबून घेतलं. आत्याचा चेहरा बघण्यासारखा होता. चार महिने ती पाट्यावर चटणी वाटत होती आणि फोनवर मला त्या चटणीची चव कशी न्यारी लागते ते ऐकवत होती.

हे सगळं होईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की कुर्ता शिवणाच्या टेबलावर ठेवायचा, शहापुरात जाऊन साड्या बघायच्या आणि तासाभरानं येऊन घेऊन जायचा. नियम एकच होता आणि तो मला कुणी सांगितला नव्हता. वस्तू टाकून जायचं नाही. शेजारी बसायचं आणि हात लावायचा.

मी कुर्ता ठेवून वळले तशी एका आजींनी माझी ओढणी धरली. “कुंदर्री,” म्हणाल्या. म्हणजे बसा. वयाकडे बघता ते आदराचं ‘री’ माझ्या शहरी चेहऱ्याला दिलेलं असणार, कारण पाच मिनिटांत ते गळून पडलं आणि शेवटपर्यंत परत आलं नाही. खरं सांगायचं तर मला राग आला. मी सुट्टीवर आले होते, शिवणाच्या तासाला नाही. शाळेत त्या तासाला मी रुमालावर आईनं घातलेले टाके माझे म्हणून दाखवलेत.

आजींनी चाळीस वर्षं साड्या विणल्या. कानडी घरातल्या, बोलणं कानडी हेलाच्या मराठीत, पण हिशेब आणि रागावणं शुद्ध कानडीत. त्यांनी आधी रिळांच्या डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुर्त्याची खालची मुडप एका बाजूनं उसवली आणि आत दुमडलेल्या कापडातून एकेक दोरा ओढून काढला. त्याच कापडाचा, तितकाच धुतलेला, तितकाच विटलेला. बाजारातला निळा कितीही जुळला तरी उन्हात चोरी उघडी पडते, म्हणाल्या. मग फाटलेल्या जागेखाली स्टीलची वाटी पालथी घातली, कापड तिच्यावर पसरलं, ताणलं नाही. कडांना लोंबणारी सुतं सुईच्या टोकानं विंचरून सरळ केली. कात्री लावू दिली नाही.

“आधी ताणा,” म्हणजे उभे दोरे, म्हणाल्या आणि सुई माझ्या हातात दिली.

उभे दोरे आधी घालायचे. भोकाच्या कडेशी सुरुवात करायची नाही, एक बोट अलीकडून, जिथं कापड शाबूत आहे तिथून, आणि पलीकडेही एक बोट पुढे जाऊन वळायचं. वळताना दोरा ओढून घट्ट करायचा नाही, बारीकसा फेर सैल सोडायचा. का, तर धुतल्यावर घातलेला दोरा आखडतो. तेव्हा त्याला आखडायला जागा लागते, नाहीतर आजूबाजूचं चांगलं कापडही तो गोळा करतो. मी मान डोलावली. माझे फेर सोडायचे राहूनच जात होते.

उभे झाले, मग आडवे. एक वर, एक खाली. परत येताना वरचा खाली, खालचा वर. आजी माझ्या खांद्यावरून पुटपुटत होत्या, “ओंदु म्याल, ओंदु केळग.” तिसऱ्या ओळीत मी दोन दोरे एकदम उचलले असणार. कानाशी एकदम आवाज आला.

“बिच्चु!”

मी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. सुई एकीकडे, वाटी खणखणत टेबलाखाली. पावसाळा, जुनी शाळा, मला वाटलं विंचू निघाला. अख्ख्या टेबलाला कळेना काय झालं. मग ज्या हशाला सुरुवात झाली तो पार इलेक्ट्रिकच्या टेबलापर्यंत गेला. कन्नडमध्ये बिच्चु म्हणजे उसव. सोड. आत्यानं लांबून ओरडून विचारलं, “काय झालं गे?” आणि कुणीतरी तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं. टिळकवाडीत आता ही गोष्ट किती घरांत पोचली असेल याचा मी हिशेब सोडून दिला आहे.

उसवलं. परत घातलं. परत चुकलं. “मत्त बिच्चु.” मत्त म्हणजे पुन्हा. त्या दीड तासात हे दोन शब्द मी सातदा ऐकले. मी कन्नड शिकले ती एवढीच, पण ती पक्की आहे.

मधे एकदा मी विचारलं, आजी, तुमचा माग चालू आहे का? त्यांनी मान न वर करता सांगितलं. घरातला खड्ड्याचा माग होता, विणणारा पाय खाली सोडून बसतो तो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा घरात पाणी शिरलं, आधी त्या खड्ड्यात. चार दिवस राहिलं. मागावर अर्धी साडी होती. लाकूड फुगलं, फणी गंजली. मुलगा म्हणाला, आता पुरे. मी काय बोलावं ते सुचेना, हातातली सुई तशीच थांबली. आजींनी वाटीवर वाकून बघितलं.

“हां, इथं चुकलीस बघ. मत्त बिच्चु.”

शेजारी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा शाळेच्या शर्टाला बटण लावत होता. बटणावर काडेपेटीची काडी आडवी ठेवायची, तिच्यावरून टाके घ्यायचे, काडी काढायची आणि सैल झालेल्या दोऱ्याला बटणाखाली तीन-चार वेढे देऊन गाठ मारायची. म्हणजे बटणाला मान येते, काजात घालताना ओढ बसत नाही. त्याचं माझ्या आधी झालं, आणि माझं अजून चाललंय हे त्यानं मला दोनदा येऊन सांगितलं.

खाली जमिनीवर हल्याळकडून आलेल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या एक बाई चार मुलींना कवंदी, म्हणजे त्यांची चिंध्यांची गोधडी, शिकवत होत्या. आपल्याकडच्या काही गोधड्या एका कडेकडून दुसरीकडे जातात. ही कडेनं सुरू होते आणि टाके घालत चौकोनी फेऱ्यांनी आत मध्यावर येऊन संपते. कोपऱ्यांवर घडी घातलेली तिकोनी चिंधी लावतात, तिला फुलं म्हणतात. फुलं नसली तर कवंदी नागडी. मला त्या चार मुलींचा हेवा वाटला, कारण त्यांना कुणी ‘बिच्चु’ म्हणत नव्हतं.

चहाच्या वेळी गिरमिट, म्हणजे इकडचे मसालेदार चुरमुरे, आलं. तोवर मी भांडायच्या बेतात होते. टोकन पद्धत नाही, ओळखीचे लोक मधे घुसतात, आणि पुरुषांनी आणलेली फाटकी पँट बायकोच्या हातात देऊन ते स्वतः मिक्सरवाल्या काकांभोवती उभे. हे मी तिथल्या एका तरुण मुलाला ऐकवलं. तो बेंगळुरूत नोकरी करत होता, तिथं २०१५ पासून असे मेळावे होतात, ते बघून त्यानं इथं सुरू करायचं मनावर घेतलं. मूळ कल्पना डच, म्हणाला. मार्टिन पोस्टमा नावाच्या पत्रकार बाईंनी १८ ऑक्टोबर २००९ ला ॲमस्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला. सिरीज बोर्डवाले काका बशीतला चहा फुंकत ऐकत होते. म्हणाले, “त्यांना बाईंनी सांगेपर्यंत सुचलं नव्हतं होय?”

एक गोष्ट मात्र मला पटली. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना मेळावा भरवणाऱ्यांनी दाराशी जागा दिली होती आणि ते छत्रीच्या काडीमागे पैसे घेत होते. फुकटच्या उत्साहात त्याच गल्लीत पोट भरणाऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही, एवढं भान अशा ठिकाणी क्वचित दिसतं.

सगळं दुरुस्त होतं असंही नाही. कोपऱ्यात एक खोकं होतं, त्यात न उघडणाऱ्या वस्तू. रिव्हेट मारून बंद केलेली इस्त्री, डिंकानं चिकटवलेले इअरफोन, तीन पाकळ्यांच्या स्क्रूचा चार्जर. काकांचा पारा फक्त त्या खोक्याशी चढला. सरकारनं २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलंय, असं मी माझं ज्ञान पाजळलं. त्यांनी चार्जर माझ्या हातात ठेवला. “उघडून दाखवा की मग.”

कुर्ता झाला. लांबून रफू दिसत नाही, जवळून दिसतो, विशेषतः कोपऱ्यात, जिथं आडवी आणि उभी फाट मिळते. आजींनी उजेडाकडे धरून बघितलं, अंगठ्यानं चोळलं, आणि काही न बोलता घडी घालून दिला. मी तो निकाल पास असा धरला. फोटो काढू का विचारलं, तर म्हणाल्या, कुर्त्याचा काढ.

पुण्यात आले आणि पहिल्याच धुण्यात कोपरा गोळा झाला. फेर सैल सोडले नव्हते ना. तिथं एक नीटस बेंबी दिसायला लागली. रात्री बसून उसवलं, पालथ्या वाटीवर घेतलं, चष्मा लावला. पण मुडपीतले दोरे सात वेळच्या उसवण्यात संपले होते आणि दुसरी बाजू उसवायचा धीर झाला नाही. आत्याला फोन केला. मागे मिक्सरचा आवाज येत होता, तो तिनं थांबवला नाही.

“तेरा तारखेला आहे बघ रविवार,” ती ओरडून म्हणाली. “आणि येताना सुट्टे पैसे घेऊन ये.”