आईच्या डोळ्याखालचे पांढरे दाणे

आज आईला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले होते. तिच्या डोळ्यांखाली खसखशीएवढे पांढरे, टणक दाणे आलेत. परवा ती आरशासमोर सेफ्टी पिन घेऊन बसलेली दिसली आणि माझ्या पोटात गोळाच आला. एक दाणा तिने आधीच टोकरला होता. तिथे लाल होऊन खपली धरलीय.

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "काकू, ही पुटकुळी नाही, मिलिया आहे." म्हणजे त्वचेखाली अडकलेलं केराटिन, त्वचेतलंच एक प्रथिन. त्याला वर तोंडच नसतं, त्यामुळे कितीही दाबलं तरी काही बाहेर येत नाही, उलट डाग आणि जंतुसंसर्ग मागे लागतो. मग निर्जंतुक सुईच्या टोकाने त्यांनी दोन दाणे अलगद काढले. आत मोत्यासारखा इवलासा गोळा! आईने माझा हात घट्ट धरला होता, पण "दुखलं नाही गं" म्हणाली.

रात्री डोळ्यांखाली थापायचं ते जाड, तेलकट क्रीम आता बंद. सौम्य फेसवॉश आणि उन्हात जाताना सनस्क्रीन, एवढंच. रेटिनॉइडचं (म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीतल्या औषधाचं) क्रीम कधीकधी देतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच, आणि गरोदरपणात अजिबात नाही.

तान्ह्या बाळांच्या नाकावरही हेच दाणे असतात. ते काही आठवड्यांत आपोआप जातात. कृपया पीठ लावून चोळू नका गं.

घरी आल्यावर पिनांची डबी मी माझ्या कपाटात ठेवलीय.