सेशेल्सला गेलात तर कोपोलियाच्या कातळावर नक्की जा

सेशेल्स म्हटलं की सगळ्यांना बीचच आठवतात, आणि बीच सुंदर आहेतच, पण माहे बेटावर असाल तर एक सकाळ डोंगरासाठी राखून ठेवा असं मी अगदी आग्रहाने सांगेन. मी आणि ताई कोपोलियाला गेलो होतो. मॉर्न सेशेल्वा नॅशनल पार्कमध्ये आहे हा, १९७९ साली झालेलं पार्क, माहेचा पाचवा हिस्सा तरी त्यातच येतो. सगळ्यात उंच शिखर ९०५ मीटरचं, त्याच्यापुढे कोपोलिया लहान, जेमतेम ५०० मीटर. राजधानी व्हिक्टोरियाहून सां सुसीच्या घाटरस्त्याने वर गेलं की ट्रेल सुरू होतो, त्यामुळे प्रत्यक्ष चढ थोडाच आहे, तासाभरात आरामात माथा येतो.

पण तो तास जंगलातला आहे आणि घाम काढतो. वारा अजिबात नाही, मुळांच्याच पायऱ्या झालेल्या, मधे मधे घराएवढाले ग्रॅनाइटचे धोंडे. आजूबाजूला दालचिनीची झाडंच झाडं, पान चुरगळलं की लगेच वास येतो, मस्त वाटतं, पण ही दालचिनी मूळची इथली नाही. अठराव्या शतकात फ्रेंचांनी मसाल्यासाठी आणली, पक्ष्यांनी बिया सगळीकडे नेल्या आणि आता तिने डोंगरच्या डोंगर व्यापलेत, मूळच्या झाडांना त्यातून जागा मिळवणं अवघड झालंय. हे कळल्यावर त्या सुगंधाचं थोडं वाईटच वाटायला लागतं.

या ओल्या जंगलात गार्डिनरचा बेडूक राहतो, पूर्ण वाढलेला असूनही जेमतेम एक सेंटीमीटर! याला मधला कान नसतोच, तरी ऐकू येतं, २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की तोंडाच्या पोकळीत आवाज घुमतो आणि तिथून आतल्या कानाला पोचतो. अंडी जमिनीवर, टॅडपोल वगैरे काही नाही, थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, की या बेडकांच्या कुळाचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक आपल्या पश्चिम घाटात आहे, दक्षिणेकडचा तो जांभळा बेडूक, वर्षभर जमिनीखाली राहून पावसात बाहेर येणारा. मधे एवढा समुद्र आणि बेडकाला तर खारं पाणी सोसत नाही, मग हे कसं? तर दोन्ही जमिनी एके काळी एकच होत्या. साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा ओतला जात होता त्याच सुमारास, हा तुकडा भारतापासून सुटत गेला. इथला ग्रॅनाइट मात्र त्याहून खूपच जुना, सुमारे ७५ कोटी वर्षांचा, म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण याच्यापुढे अगदी कालचा.

हे सगळं डोक्यात घेऊन झाडीतून एकदम माथ्यावर आलो ना, तेव्हा आधी समुद्राकडे बघायचंच राहिलं, मी खाली वाकून खडकावर हात ठेवला. इथल्या अशा उघड्या कातळाला ग्लासी म्हणतात. वर ऊन, वारा, माती जवळजवळ नाहीच, आणि त्यातच घटपर्णी वाढते. किडे खाणारी वनस्पती, जगात फक्त माहे आणि सिलुएट या दोन बेटांवर मिळते. पिवळसर लालसर छोटे छोटे घट, आत पाणी, त्यात पडलेल्या माश्या. मातीतून मिळत नाही ते पोषण ती अशी मिळवते. ताई तर तिथेच बसून राहिली, एकेक घट बघत.

व्ह्यू पण सांगते, खाली व्हिक्टोरिया, ईडन आयलंड, समोर सेंट ॲन मरीन पार्कची बेटं आणि पाण्याचे इतके निळे हिरवे रंग की फोटोत येत नाहीत. ढग आला की पाच मिनिटांत सगळं गायब, थांबा, परत उघडतं.

सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या, बुटांना चांगली ग्रिप हवी. पाऊस पडून गेला असेल तर ओला ग्रॅनाइट फार निसरडा होतो आणि कातळाच्या कडेला कठडा नाही, त्या दिवशी सरळ दुसरा प्लॅन करा. आणि फोटोसाठी झुडपांत शिरू नका प्लीज, घटपर्णी कडेकडेनेच पसरलेली असते, पायाखाली आली तर कळतही नाही.