रथसप्तमीची कमान

बडोद्यात पतंग म्हटला की पेच आला, आणि पेच आला की कुणाचा तरी कापला जाणार हे आलंच. १४ जानेवारीला दांडिया बाजारातल्या गच्च्यांवर पाय ठेवायला जागा नसते. आमच्याकडे खाली सुगडाची पूजा चाललेली असते आणि वर, कुणाचा पतंग कापला की, ‘काय पो छे’चा गलका. तिळगुळाच्या डब्याशेजारी शेजारच्या बेननी पाठवलेलं उंधियु असतं. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे तोच गलका पुन्हा. त्या दोन दिवसांचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते त्यानंतरच्या एका दिवसाचं. संक्रांतीची हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतात. शेवटचं हळदीकुंकू आमच्या मंडळाचं असतं, मोकळ्या मैदानावर, सकाळी दहाला. शहराचे पतंग तोवर उतरलेले असतात आणि आमचे चढतात. एका दोरीवर अठ्ठेचाळीस, आणि सगळे कापडाचे.

पतंगात दोन काड्या असतात, उभा ढढ्ढा आणि वाकवलेली कमान. आम्ही पतंगांचीच कमान केली. लांब दोरीवर शेजारी शेजारी पतंग बांधायचे आणि दोरीची दोन्ही टोकं जमिनीत पक्की ठोकायची. समोरून वारा आला की मधली दोरी उचलत जाते आणि लग्नाच्या मांडवाला असावी तशी कमान आभाळात उभी राहते. खालून मुलं पळत जाऊ शकतात. कुणाच्या हातात फिरकी नसते.

ही कल्पना शिवणाच्या बाईंची. आमच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मुलींना काजं-बटणं शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर त्या मंडळात आल्या. अहमदाबादला १९८९पासून आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो. लेकीकडे गेलेल्या असताना बाईंनी तिथे परदेशी पाहुण्यांची अशी कमान पाहिली. परत आल्या त्या थेट मंडळाच्या खोलीवर. म्हणाल्या, “अगं, त्यात कागद नाही, काच नाही, सगळं शिवणकाम आहे. आपल्याला येतं ते!”

दिवाळी झाली की शिवणाचे रविवार सुरू होत. वाड्याच्या माडीवरच्या खोलीत दोन पायमशिनं होती, तिसरं कुणीतरी रिक्षात घालून आणायचं. कापडाला तोटा नव्हता. नवरात्र नुकतंच झालेलं असे आणि मंगळबाजारातल्या शिंप्यांकडे चणियाचोळीच्या कातरणांचे ढीग पडलेले असत. पोतंभर आणलं तरी ते पैसे घेत नसत. फक्त त्यावर आभले असत, म्हणजे टाचून बसवलेले छोटे आरसे. पतंगाला वजन चालत नाही, म्हणून मुलांना सतरंजीवर बसवून आभले उसवायला लावायचं. ते नंतर मुलींनी वाटून घ्यायचे. माझ्या धाकटीकडे अजून एक डबी भरून आहेत.

बाकीचं कापड घराघरातून यायचं, आणि खरी बैठक त्या कापडावरच जमायची. कुणाच्या सासूबाईंचं विरलेलं नऊवारी, कुणाच्या बाळाचं झबलं, मोडक्या छत्र्या. मी आजोबांच्या पेटीतला एक मजिठी, म्हणजे मंजिष्ठाच्या लाल रंगाचा तुकडा नेला होता. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये कलाभवन काढलं, तिथे रंगाई-विणाई शिकवत. आजोबा तिथे शिकले आणि हा तुकडा त्यांनी हाताने रंगवलेला. काकवांनी तो खिडकीशी धरून पाहिला, फिरवून पाहिला, आणि पुढचा अर्धा तास कुणाच्या घरात कलाभवनात शिकलेलं कोण होतं यातच गेला. मशीन बंदच होतं.

पहिल्या वर्षी आमची फजिती झाली. पतंग म्हणजे चौकोनी, एवढंच डोक्यात. चौकोन उभा धरला की त्याची आडवी टोकं बरोबर मध्यावर येतात आणि आम्ही दोरी तिथूनच नेली. वारा आला तसे पतंग दोरीभोवती गरागरा फिरायला लागले आणि पाच मिनिटांत शेपट्यांची वेणी झाली. ती सोडवायला अख्खा फेब्रुवारी गेला. खरं तर दोरीच्या वर थोडं आणि खाली पुष्कळ कापड हवं. मग वारा खालचा भाग मागे ढकलतो, पतंग तिरपा होतो आणि त्या तिरपेपणावरच उचलला जातो. दुसऱ्या वर्षी आम्ही लांबट पतंग बेतले. ४५ सेंटिमीटर रुंद, ६० लांब, आणि दोरी वरून २० सेंटिमीटरवर. खाली हातभर शेपूट. आजही तेच माप आहे, पुठ्ठ्याचा तो साचा मंडळाच्या कपाटात आहे आणि त्याच्या कडा हाताळून मऊ पडल्यात.

दोरी लावायची युक्ती मात्र आमची स्वतःची, आणि तिचा मला फार अभिमान आहे. प्रत्येक पतंगाला आडवा नेफा शिवायचा आणि परकराला नाडी घालतात तशी मोठी पिन लावून दोरी ओवायची. मग दोन्ही टोकांना टाके घालून पतंग दोरीला पक्का करायचा, म्हणजे सरकत नाही. शेजारच्या दोघांत वीतभर अंतर ठेवायचं. दोरीच ताणलेली असल्यामुळे आडवी काडी लागत नाही, बांबूची एक उभी कामटी पुरते. ३६ मीटर दोरी, आणि खुंट्या एकमेकींपासून २४ मीटरवर. जास्त ताणल्या तर कमान बसकी होते, जवळ आणल्या तर वर जाऊन डुलते.

शिवणातलं गणित बाईंनी आम्हाला एका वाक्यात दिलं होतं, “डावीकडे जे लावाल ते उजवीकडे लावा.” एका बाजूला साडीचा काठ आला की तेवढाच काठ दुसऱ्या बाजूला. पतंग मधोमध दुमडून कडेला कड जुळवायची आणि मगच मशीनवर न्यायचा. त्याहून महत्त्वाचा कापडाचा धागा. तुकडा उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यावर, लागला की वाऱ्यात ताणून त्याला पोट सुटतं आणि पतंग त्या अंगाला ओढतो. म्हणून उभा धागा कामटीच्या रेषेत हवा. बाई तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणायच्या, डोळे मिटून. “हा उरेब आहे,” म्हणायच्या, आणि तो बाजूला. टाकलेल्या उरेब पट्ट्यांच्या शेपट्या व्हायच्या. शेपटीला तो झोळ शोभतो.

दुपारी दोनला काम थांबायचं. सेवउसळ यायची, रस्सा वेगळ्या बरणीत, पाव वर्तमानपत्रात. हात धुतल्याशिवाय कापडाला शिवायचं नाही हा नियम होता आणि तो लहानमोठ्या सगळ्यांना होता. एकदा एका मुलाने वाचून आणलं की जपानमध्ये कागोशिमाला सादाओ हारादा यांनी १९९०मध्ये एका दोरीवर ११,२८४ पतंग उडवले. खोलीत सगळे गप्प. आमचे तेव्हा जेमतेम छत्तीस. मग कोपऱ्यातून आत्या म्हणाली, “मग बसलात काय? शिवा!” त्या वर्षीच आम्ही अठ्ठेचाळीसवर पोचलो.

हा सोहळा आधी उत्तरायणाच्या आदल्या रविवारी असायचा. तिसऱ्या वर्षी कमान छान उभी होती, मुलं खालून येरझारा घालत होती, आणि कुठूनसा कापलेला एक पतंग आमच्या दोरीवर लोळत आला. त्याच्या शेपटाला लांबलचक मांजा. पतंग वाऱ्याने पुढे सरकतोय आणि मांजा आमच्या ताणलेल्या दोरीवर घासतोय, हे आम्ही पाहत होतो, हात पोचत नव्हता. दोरी तुटल्याचा आवाज मी अजून विसरले नाही. अर्धी कमान एका खुंटीला, अर्धी दुसरीला, आणि सगळी झपकन जमिनीवर. खाली सात-आठ वर्षांच्या दोन मुली होत्या. त्यांच्या अंगावर नुसतं कापड पडलं, म्हणून निभावलं. तोच मांजा गळ्याशी आला असता तर? दर वर्षी या शहरात दुचाकीवरच्या माणसांना तो लागतो, पक्ष्यांचे पंख चिरतो. त्या दिवशी ठरलं की आता आपण रथसप्तमीला.

तेव्हापासून त्या दिवसाची सुरुवात वेचणीने होते. मुलं हातात जुने मोजे चढवतात आणि मैदानातला, कुंपणावरचा, हात पोचेल तेवढ्या फांद्यांवरचा मांजा गोळा करतात. त्याचे गुंडे पोत्यात भरायचे आणि तोंड शिवून टाकायचे. हे झाल्याशिवाय दोरी उलगडायची नाही. दहाच्या सुमाराला उन्हाबरोबर वारा उठतो. सगळ्यांनी आपापला पतंग हातात धरून ओळीने उभं राहायचं, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली लहान बाळं कडेवर. बाईंनी “सोडा!” म्हटलं की मधल्यांनी आधी सोडायचा, मग दोन्हीकडच्यांनी क्रमाने. वारा समोरून येत नसेल तर एक खुंटी उपटून दुसरीकडे ठोकायची, तेवढा वेळ सगळे हात वर करून उभे. मग पहिला उचलतो. कापडाचा आवाज कागदासारखा फडफड नसतो. दोरीवर वाळत घातलेली धुणी वाऱ्यावर हलावीत तसा तो जाड, भरलेला आवाज असतो. त्याच आवाजात खाली वाण लुटलं जातं.

बाई आता नाहीत. “सोडा!” आत्याने काही वर्षं म्हटलं, आता मी म्हणते.

उजवीकडून नववा पतंग माझ्या आईचा. तिने तो शिवला तेव्हा तिला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. मशीनवर बसायची तिची तयारी नव्हती, हातानेच धावदोरा घातला, पतंग हिरव्या इरकलीचा आणि माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचा. टाके एकीकडे दाट, एकीकडे लांब लांब. बाईंनी तो दुमडून पाहिला, कडा दोन बोटं जुळत नव्हत्या. उसवून देऊ का, असं मी हळूच विचारलं तर त्यांनी मान हलवली. उडवला तेव्हा पतंग डावीकडे कलला. गच्चीवरची पोरं करतात तेच बाईंनी केलं. पतंग एका अंगाला झुकत असला तर दुसऱ्या टोकाला चिंधी बांधायची. त्यांनी आपल्या पिशवीतून जांभळी पट्टी काढली, उजव्या कोपऱ्याला बांधली, थोडी कातरली, पुन्हा उडवला, पुन्हा थोडी कातरली. चौथ्या खेपेला तो शेजाऱ्यांच्या बरोबरीने सरळ उभा राहिला.

कामट्या बदलल्या, दोरी दोनदा बदलली, नेफे नव्याने शिवले. आईचा धावदोरा मात्र कुणी उसवलेला नाही. यंदा पतंग गुंडाळताना पाहिलं, ती जांभळी पट्टी उन्हाने विरून दोऱ्यादोऱ्यांची झाली आहे. तेवढ्याच लांबीची नवी मी कातरून ठेवली आहे, तेवढ्याच वजनाची भरते का ते घरच्या तराजूवर पाहून.